उद्घाटन व्हायचं आहे

अन्वीची पाण्याची बाटली शाळेतून जशीच्या तशी परत येते. सकाळी मी भरून देते आणि दुपारी ती दप्तराच्या जाळीतून काढते तेव्हा पाणी तेवढंच्या तेवढं. अन्वी माझी नात, चौथीत आहे. बाटली चांगली महागातली, दिवसभर पाणी गार ठेवते म्हणे. ठेवणारच, पिणारं कोणी नको का! सून म्हणते, "आई, ती खेळायच्या नादात विसरते." मी गप्प बसते, कारण घरात सासूनं किती बोलायचं याची एक मर्यादा असते. पण पाणी विसरणारं पोर घरी आलं की आधी घटाघटा पाणी पितं, हे मला कळतं. अन्वी दारातच दप्तर टाकते, बुटांसकट बाथरूमकडे पळते, आणि तिथून आल्यावर मग पाणी मागते. हा क्रम माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझी मोठी बहीण शालूताई नववीचं अख्खं वर्ष असंच पळत घरात शिरायची. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. खरं म्हणजे या भागात मी आमच्या घरातल्या दिवाळीबद्दल लिहिणार होते. राहिली दिवाळी.

तेव्हा आम्ही नागपूरला उमरेड रोडच्या अंगाला राहायचो. वस्ती नुकती वसत होती. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं अंगण, अंगणात न्हाणी आणि पार टोकाला संडास. बाबा रामदासपेठेतल्या एका ऑफिसात कारकून होते. सकाळी त्यांच्या सायकलची चेन करकरायला लागली की आमचा दिवस सुरू व्हायचा. आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज त्याच्याही आधीचा, पण तो इतका सवयीचा होता की थांबला तरच जाग यायची. तांदूळ कुहीजवळच्या आमच्या गावाहून यायचा, काकांकडून. त्यामुळे घरात भाताला तोटा नव्हता. रविवारी वडाभात, वर फोडणीचं तेल, आणि बाबांची ठरलेली तक्रार की वडे कमी पडले. थंडीत सांबार स्वस्त झाला की आई सांबारवडी करायची. पुण्याकडच्या लोकांना सांगून ठेवते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, उगाच इडली शोधू नका. आणि थंडी सरता सरता भिवापूरहून आत्याबाई यायच्या, वर्षाची मिरची घेऊन. पोतं पडवीत ओतलं की शेजारच्या दोन घरांपर्यंत शिंका. हाताला तेल चोळून आम्ही सगळ्या देठं खुडायला बसायचो, आणि आत्याबाई अख्ख्या भिवापुराची खबर सांगायच्या. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, कोणाची म्हैस कोणाच्या वावरात घुसली.

शाळा घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होती, पाचवी ते दहावी, मुलं-मुली एकत्र. मी सातवीत, शालूताई नववीत. शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती. मुलांसाठीही नव्हती, पण मुलांना मागची भिंत होती आणि त्या भिंतीबद्दल कोणाला काही वाटत नव्हतं. आमच्यासाठी नाल्याच्या कडेला बेशरमची झुडपं होती. बेशरम हे आमच्याकडे त्या झाडाचंच नाव आहे, कुठेही उगवतं, कितीही तोडा पुन्हा येतं. मधल्या सुट्टीत आम्ही घोळक्यानं जायचो. एकीनं पहारा द्यायचा, बाकीच्यांनी झुडपाआड. लाज वाटायची, सापाची भीती वाटायची, पण काम व्हायचं.

मग शाळेवर कृपा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, मुलींसाठी संडास-मुतारी बांधून द्यायचं जाहीर केलं. आमच्या हेडसरांना इतका आनंद झाला की त्यांनी प्रार्थनेच्या वेळी आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. बांधकाम झालंही. चुन्यानं पांढरंशुभ्र, हिरवं दार, बाजूला संगमरवराची पाटी. पाटीवर 'कुमारी सुविधा कक्ष' असं लहान अक्षरात आणि भाऊसाहेबांचं नाव मोठ्या अक्षरात. पाटीला पडदा, दाराला लाल फीत आणि फितीच्या मागं कुलूप. परिसर छान दिसावा म्हणून नाल्याकडेची बेशरमची सगळी झुडपं तोडून तिथं विटांची लाल-पांढरी किनार केली. म्हणजे बघा. जुनी जागा गेली आणि नवी जागा बंद. का बंद, तर उद्घाटन व्हायचं आहे!

आपल्या लोकांचं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पूल बांधून तयार असतो, त्याच्यावरून जायचं नाही, फीत कापायची आहे. दवाखान्यात मशीन येऊन पडतं, त्याच्यावर चादर, पाहुणे यायचे आहेत. वस्तू वापरली की ती वस्तू होते, पण आपल्याकडे फीत कापली की होते. हेडसर वाईट माणूस नव्हते हो. तळमळीचे होते, गणित सुंदर शिकवायचे, शालूताईच्या गणिताचं भर वर्गात कौतुक करायचे. पण मोठ्या माणसानं दिलेली वस्तू त्याच्या हातानं उघडायच्या आधी पोरींनी वापरून घाण करायची, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. त्यांच्या लेखी तो भाऊसाहेबांचा अपमान होता. आमचा अपमान होऊ शकतो, असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

भाऊसाहेबांची तारीख ठरली ती पावसाळा संपल्यावरची. ती टळली, त्यांना मुंबईला जावं लागलं. दिवाळीनंतरची ठरली, तेव्हा त्यांच्या नात्यात कोणी वारलं. मग कोणीतरी आतली खबर आणली की संडासासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायला भाऊसाहेबांना बरं वाटत नाही. झालं! हेडसरांनी डोकं चालवलं आणि वाचनालयाचं उद्घाटन त्याला जोडून टाकलं, म्हणजे फोटो पुस्तकांसमोर निघेल. त्या दिवसापासून वाचनालयालाही कुलूप. आधी निदान पुस्तकं तरी मिळत होती.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे स्वागतगीत. हेडसरांनी स्वतः रचलेलं, पाहुण्यांच्या पायधुळीनं आमचं अंगण पावन झालं अशा अर्थाचं. रोज शेवटच्या तासाला आम्हा मुलींना त्या हिरव्या दारासमोर ओळीत उभं करून ते बसवून घ्यायचे. बसवून घ्यायला चिंचमलातपुरे बाई. सकाळपासून धरून ठेवलेल्या पोरी, समोर नवाकोरा संडास, त्याला कुलूप, आणि आम्ही त्याच्याकडे तोंड करून गातोय, या हो या! एकीचे पाय एकमेकीत अडकलेले, दुसरी ओठ चावतेय. बाई ओरडायच्या, "सरळ उभ्या राहा! गाताना हलू नका!" आज हे आठवलं की हसू येतं आणि त्या हसण्याच्या मागोमाग असा राग येतो की काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

चिंचमलातपुरे बाई शाळेतल्या एकुलत्या एक बाई. शिवण आणि गाणं शिकवायच्या, मुलींची शिस्त त्यांच्याकडे. एवढं लांब आडनाव कोण घेत बसतं, आम्ही चिंचबाई म्हणायचो आणि स्वभावही तसाच आंबट. तासाला कोणी करंगळी वर केली की त्यांची पट्टी बोटांवर. "घरून जाऊन यायला काय होतं? सवय लावा शरीराला!" एकदा पाचवीतल्या एका पोरीचं वर्गातच झालं. बाईंनी तिला तिच्याच ओढणीनं फरशी पुसायला लावली. ती पोरगी पुन्हा शाळेत आली नाही, आणि ती का आली नाही असं कोणी विचारलंही नाही. बाई रोज बसनं लांबून यायच्या. मधल्या सुट्टीत एकट्या बसून डबा खायच्या, मग रांजणातून पेलाभर पाणी घ्यायच्या, गुळणी करून थुंकून टाकायच्या. प्यायच्या नाहीत. आम्ही म्हणायचो, काय नखरे, शाळेचं पाणीसुद्धा चालत नाही यांना.

शालूताई त्या वर्षी मोठी झाली. आमच्याकडे असंच म्हणायचे, मोठी झाली. महिन्यातले ते दिवस ती घरीच राहायची, कारण शाळेत कपडा बदलायला जागा कुठं होती? बीजगणिताचं एखादं प्रकरण सुरू व्हायचं तेव्हा ती घरी, ती परत जायची तोवर प्रकरण संपलेलं. तरी ती मागं पडायची नाही, रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली बसून सोडवायची. पण उरलेल्या दिवसांसाठी तिनं स्वतःच एक उपाय काढला, सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. आई भाकरीसोबत तांब्या ठेवायची, ही तोंड लावल्यासारखं करायची. नागपुरात माघ सरला की ऊन डोक्यावर बसतं, तशात कोरडी. व्हायचं ते झालं. तिला थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखायला लागलं, न्हाणीतून बाहेर आली की भिंतीला धरून रडायची. बाबा तिला सायकलवर मागं बसवून रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पोरीला भरपूर पाणी पाजा, लघवी अजिबात रोखू देऊ नका, नाहीतर हे पुन्हा पुन्हा होईल.

त्या रात्री जेवताना बाबांनी निकाल दिला. बाबा भांडकुदळ नव्हते, पण ऑफिसात दिवसभर साहेबांचं ऐकून आलेला माणूस घरात साहेब होतो. "डॉक्टर म्हणते पाणी पे. शाळेत पाणी पेलं तं जायले जागा नाही. मंग सरळ आहे, शाळा सोड अन् पाणी पे."

आई म्हणाली, "अहो, पण गणितात पहिली येते ते."

"गणितानं ताप उतरते का? एवढी परीक्षा होऊ दे म्हणशीन, तं मंग पुढच्या साली काय होईन? तेच होईन. आतापर्यंत शिकली तेवढं बम झालं. कुहीकडून दादानं एक स्थळबी सांगितलं आहे."

शालूताई ताटातला भात चिवडत बसली. मला त्या वयात एवढंच कळलं की उद्यापासून मला एकटीला शाळेत जावं लागणार. तिचं काय जाणार होतं ते कळायला मला स्वतःला दहावी पास व्हावं लागलं.

नशीब म्हणा, दुसऱ्याच दिवशी आत्याबाई मिरचीचं पोतं घेऊन उतरल्या. बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेलेला, तिखट जीभ, कमरेला बटवा, बटव्यात सुपारी आणि अडकित्ता. देठं खुडताना त्यांनी शालूताईला विचारलं, "काहून वं, शाळेत नाही गेली आज?" आईनं सगळं सांगितलं. आत्याबाईंच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"संडास बांधून तयार हाय?"

"हो."

"अन् त्याले कुलूप हाय?"

"उद्घाटन व्हायचं आहे म्हणते."

"माय वं!" आत्याबाई उठल्या. "चाल वं शालू, दाखव मले तुयी शाळा."

आई म्हणत होती, ह्यांना येऊ द्या, ह्यांना विचारू. आत्याबाईंनी हातही धुतले नाहीत. आम्ही तिघी निघालो, कारण ताईशिवाय एकटी जायचं नाही म्हणून घरीच राहिलेली मीही त्या गोंधळात दप्तर उचलून मागं लागले होते. मधली सुट्टी चालू होती. हेडसर व्हरांड्यात उभे होते. आत्याबाईंनी नमस्कार केला, अगदी रीतसर.

"मास्तर, माही भाची हाय. तिले ताप आला, तुमच्या शाळेत जायले जागा नाही म्हणून."

हेडसर शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, आम्हाला जाणीव आहे. व्यवस्था पूर्ण झालेली आहे. केवळ उद्घाटन व्हायचं आहे. भाऊसाहेब पुढच्या महिन्यात वेळ देणार आहेत."

"कायचं उद्घाटन?"

हेडसर जरा अडखळले. "सुविधा कक्षाचं."

"म्हंजे संडासाचंच ना? मास्तर, संडासाचं उद्घाटन जाऊन होते, भाषण करून नाही होत."

मुलं जमायला लागली होती. हेडसर म्हणाले, "थोडा संयम ठेवा. इतके महिने गेले, अजून एक महिना."

"संयम पोरी ठेवूनच राहिल्या ना जी! तुमी एक दिवस ठेवून पाहा, मंग मले सांगा."

आणि त्या सरळ हिरव्या दाराकडे चालायला लागल्या. हेडसर "बाई, बाई" करत मागं. आत्याबाईंनी बटव्यातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तशी फीत कातरली. महिनोन्महिने उन्हात राहून तिचा रंग गुलाबी झाला होता. मग शिपायाला म्हणाल्या, "किल्ली आण गा." शिपाई हेडसरांच्या तोंडाकडे बघत राहिला. आत्याबाईंनी वाट पाहिली नाही. कुलूप धरून एक हिसका दिला, तर कुलूप तसंच राहिलं आणि कोयंडाच खिळ्यांसकट उपटून हातात आला! असं ते नवंकोरं बांधकाम. आत नळ होता, नळाला पाणी नव्हतं, पाइपच जोडलेला नव्हता. आत्याबाईंनी रांजणाखालची बादली भरून आत ठेवली आणि शालूताईला म्हणाल्या, "जाय."

शालूताई सगळ्यांकडे पाहत उभी. अख्खी शाळा बघतेय. तिनं मान खाली घातली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवला आणि शाळेच्या आवारातून अशा निघाल्या जशा काही बाजारातून वांगी घेऊन निघाल्यात. त्यांच्या हाताला मिरची होती हे नंतर शालूताईच्या डोळ्यांना कळलं. ती घरापर्यंत डोळे चोळत आली, लोकांना वाटलं रडतेय.

संध्याकाळी शिपाई घरी निरोप घेऊन आला की उद्या प्रार्थनेला मुलीच्या वडिलांनी हजर राहावं. बाबा इतके संतापले की जेवले नाहीत. बहिणीला काही बोलायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून आईला बोलले. "झालं समाधान? आता शाळेतून काढायची गरजच नाही, तेच काढतीन." शालूताईनं हळूच विचारलं, "बाबा, मी माफी मागितली तं ठेवतीन का मले?" बाबा म्हणाले, "माग अन् संपव."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. आम्ही वर्गवार उभे होतो. बाबा सायकल धरून फाटकाशी उभे, ऑफिसला उशीर होत होता, एक पाय तिकडेच. हेडसरांनी शालूताईला पुढं बोलावलं. ते रागावलेले कमी, दुखावलेले जास्त दिसत होते. एका थोर माणसाच्या भावनेला ठेच लागली, शाळेच्या मालमत्तेची नासधूस झाली, वगैरे वगैरे. मग तिला म्हणाले, "सर्वांसमोर म्हण, माझी चूक झाली."

शालूताईनं तोंड उघडलं. मी पाहत होते, तिला खरंच म्हणायचं होतं. रात्रभर मनात घोकलं होतं तिनं, मी शेजारी झोपले होते, मला माहीत आहे. पण तोंडातून निघालं भलतंच.

"सर, मले लागली होती."

मुलांच्या ओळीतून हसू फुटलं. हेडसरांचा चेहरा लाल. "हे उत्तर नाही. चूक झाली म्हण!"

ती इतकी गोंधळली होती की जे खरं होतं तेच पुढं बोलली, गणिताची पुढची पायरी सांगावी तसं. "पण पुन्हाबी लागन, सर."

आता कोणी हसलं नाही. बाबांनी फाटकाशी मान खाली घातली. आता तिचं नाव शाळेतून काढून टाकणार, हे सगळ्यांना कळलं. आणि त्या शांततेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चिंचमलातपुरे बाई उठल्या होत्या. मला वाटलं, झालं, आता पट्टी. बाई आपला पदर खोचत शालूताईच्या शेजारून गेल्या, तिच्याकडे पाहिलंही नाही. रांजणाजवळ गेल्या, बादली भरली, आणि भरलेली बादली घेऊन सगळ्या शाळेसमोरून हिरव्या दाराकडे चालत गेल्या. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत आला.

सगळे उभे. हेडसर उभे, पोरं उभी, बाबा उभे. काय करतात! एक बाई संडासात गेली आहे आणि अख्खी शाळा सावधान स्थितीत तिची वाट पाहतेय. खूप वेळ लागला. किती वर्षांचं होतं ते, कोणाला माहीत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ती गुळणी आली. पेलाभर पाणी घेऊन थुंकून टाकायच्या त्या. पाण्याचा कंटाळा नव्हता त्यांना. आम्हाला जे सांगायच्या तेच त्या करत होत्या, आमच्या जन्माच्या आधीपासून.

बाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच, आंबट. "पाचवीच्या मुली आधी. ओळीनं. धक्काबुक्की कराल तर पट्टी मिळेल." आणि पोरी निघाल्या. हेडसरांनी चष्मा पुसला आणि ते ऑफिसात निघून गेले. शालूताईला वर्गात जा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून ती आपणच नववीच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

बाबा सायकल घेऊन ऑफिसला गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहतोय. त्यांनी आईला नुसतं एवढंच सांगितलं, "हिचा डबा उद्यापासून लवकर करत जा, पहिल्या तासाले बीजगणित राहते म्हणे." आणि स्वतःच्या हातानं तांब्यातून पेला भरून शालूताईपुढं सरकवला. "पे. पूर्ण पे." कुहीच्या स्थळाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण आपल्याकडच्या गोष्टी अशा सुखासुखी संपतात का? पुढच्या महिन्यात भाऊसाहेब खरंच आले. त्याआधी हेडसरांनी कोयंडा बसवून घेतला, चुना मारला, नवी फीत लावली आणि उद्घाटन होईपर्यंत दार पुन्हा बंद. आम्ही स्वागतगीत गायलो. भाऊसाहेबांचा फोटो पुस्तकांसमोर निघाला. पाटीवर त्यांचंच नाव, आणि खरं उद्घाटन करणाऱ्या आत्याबाई तिकडे भिवापुरात मिरच्या वाळवत होत्या. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे वं, त्याले फोटो पाहिजे होता, आपल्याले संडास."

शालूताई शिकली. पंचायत समितीत नोकरी केली, भिवापूरलाच स्थायिक झाली, आत्याबाईंचं घर आता तिचंच आहे. आणि मी इथं नागपुरात, साठी ओलांडून, नातीची भरलेली बाटली हातात घेऊन बसलेय. परवा न राहवून अन्वीला जवळ घेतलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तासाला जायचं तर गळ्यात घालायचा पास लागतो. वर्गात पास एकच, आणि मॅम म्हणतात सारखा पास मागणारी मुलं ढोंगी असतात. "आणि आजी, बाथरूम स्वच्छ राहावं म्हणून ते लॉक असतं. पाहुणे येतात ना." मी सुनेकडे पाहिलं. फी एवढी की आमच्या बाबांना चक्कर आली असती, आणि तऱ्हा तीच!

रात्री शालूताईला फोन केला, मन मोकळं करायला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं येते मी." मी म्हटलं, अगं, गुडघे दुखतात तुझे, कशाला? फोन ठेवलेला होता.

शाळेत आम्ही दोघी गेलो. काचेचं दार, आत गारेगार, मऊ सोफा. समोरच्या भिंतीवर रंगीत चित्रं, मुलांचे हक्क म्हणून. खेळण्याचा हक्क, शिकण्याचा हक्क, सन्मानानं वागवलं जाण्याचा हक्क, प्रत्येकाखाली हसणारं पोर. टेबलामागच्या मुलीनं गोड हसून आमच्यापुढं पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. ताईनं तिची बाटली उघडली आणि एका दमात सगळी रिकामी केली.

"बाई, मले जायचं आहे," ती म्हणाली.

"हो मॅम, गेस्ट वॉशरूम इकडे आहे."

"पाहुण्यांचं नको. पोरी जातात तिथं जायचं आहे."

मुलीचं हसू जरा ढिलं झालं. "मॅम, ते... क्लास चालू असताना लॉक असतं. किल्ली मावशींकडे असते." तिनं फोन लावला, मग दुसरा लावला. मावशी वरच्या मजल्यावर होत्या, वरच्या मजल्यावर नव्हत्या. कोणी तरी पळत गेलं, कोणी तरी पळत आलं. आतून एक मॅडम बाहेर डोकावून गेल्या. काय प्रॉब्लेम आहे, असं इंग्रजीतून कुजबुजून झालं. "मॅम, प्लीज, दोन मिनिटं, किल्ली शोधतायत."

"शोधा, शोधा. सावकाश शोधा," शालूताई म्हणाली. "आम्ही बसून आहो." आणि तिनं माझ्यापुढची बाटली उचलून झाकण उघडलं.